जुन्या मिलिटरी ट्रकचा आवाज उतरवताना : निस्सान वन टनला घडवलेला सायलेन्सर

मिरजेच्या सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी आमची वन टन उभी होती. मागे पंढरपूरकडून आलेले वाळलेले भोपळे होते आणि ते उतरवेपर्यंत मी इंजिन चालू ठेवलं होतं. समोरच्या दुकानात एक वयस्कर कारागीर, सगळे त्यांना चाचा म्हणतात, तंबोऱ्याची जवारी काढत, म्हणजे घोडी घासून तारेच्या सुराला झंकार आणत, बसले होते. घोडीवरून कानस फिरवायची, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा कानस. दोन-तीन वेळा त्यांनी तार छेडली आणि थांबले. मग बाहेर येऊन शांतपणे म्हणाले, "दादा, जरा बंद करता का? मला माझी तारच ऐकू येईना."

मी चावी फिरवली. त्याच आठवड्यात सायलेन्सरचं काम हाती घेतलं. ते कसं केलं, कुठे चुकलं आणि आता पुन्हा करायचं तर कसं करीन, ते इथे सविस्तर लिहितो. गाडी जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीतली निस्सान वन टन, सहा सिलिंडरचं ३,९५६ सीसी पेट्रोल इंजिन. जोंगा या लष्करी जीपचं इंजिनही हेच. शक्तिमान किंवा दुसरा डिझेल ट्रक असला तरी पद्धत बदलत नाही, मापं बदलतात.

हे ट्रक इतके का ओरडतात

लष्करी गाडीला नाले, चिखल, खडक ओलांडायचे असतात. त्यामुळे सायलेन्सर चॅसीच्या आत, वर, जागा मिळेल तिथे बसवलेला आणि आकाराने बेताचा असतो. केबिनवर कापडी हूड आणि खाली उघडा पत्रा, त्यामुळे आवाज अडवायला काहीच नाही. तरीही मूळ सायलेन्सर शाबूत असलेली गाडी सहन होण्यासारखी असते. लिलावातून बाहेर पडलेल्या बहुतेक गाड्यांचा तो सायलेन्सर केव्हाच कुजून गेलेला असतो. मग कुणीतरी त्या जागी सरळ पाइप जोडतो आणि गाडी वीस वर्षं तशीच फिरते. आमच्या गाडीच्या पाइपात मधोमध दीड फुटाचं एक नळकांडं होतं. कापून पाहिलं तर आत काहीच नव्हतं, आवाज अडवणारे पत्र्याचे पडदे गंजून पडून गेले होते.

पहिलं काम : गळती

नवा सायलेन्सर आणण्याआधी एक सकाळ गळती शोधण्यात घालवा. मॅनिफोल्डच्या, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर एका पाइपात आणणाऱ्या बिडाच्या भागाच्या, पॅकिंगमधून वायू निसटत असेल तर मागे कितीही चांगला सायलेन्सर लावा, पुढून 'फट्-फट्' चालूच राहणार.

रात्रभर थंड झालेलं इंजिन चालू करा. पहिली दोन-तीन मिनिटं महत्त्वाची, कारण लोखंड तापून फुगलं की बारीक फटी आपोआप मिटतात आणि आवाज लपतो. एक रबरी नळी घ्या, एक टोक कानापाशी धरा आणि दुसरं मॅनिफोल्डच्या प्रत्येक तोंडाजवळून फिरवा. गळती असेल तिथे नळीतून टिचक्या मारल्यासारखं ऐकू येतं. काजळीचे काळे फराटे दिसले तर तेच ठिकाण. मग हेल्परला जाड हातमोजा घालून ओल्या पोत्याने मागचं तोंड क्षणभर दाबायला सांगा. पाइप घट्ट असेल तर इंजिन गुदमरून बंद पडायला येतं. ते निवांत चालत राहिलं, तर वायू वाटेत कुठून तरी बाहेर पडतोय. हे सगळं उघड्यावर करायचं. पेट्रोल इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. बंद शेडमध्ये माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो.

मॅनिफोल्डचे स्टड गंजलेले असणार. आदल्या संध्याकाळी त्यांवर गंज सोडवणारं तेल टाका. सकाळी नट गॅसने लाल करा, किंचित निवू द्या आणि मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं आणि नट सुटतो. जोर लावून स्टड मोडलात तर पुढचे दोन दिवस ड्रिलवर जातात. परत बसवताना पितळी नट वापरा, ते स्टडवर धरत नाहीत.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. फ्लँजमध्ये, म्हणजे पाइप जोडणाऱ्या बोल्टच्या चकत्यांमध्ये, पांढुरकं, धाग्याधाग्यांचं जुनं पॅकिंग किंवा पाइपावर गुंडाळलेली तशी दोरी दिसली, तर ते अॅस्बेस्टॉस आहे असंच धरा. ग्राइंडर लावू नका, ब्रशने घासू नका, हवा मारू नका. पाण्यात साबण घालून ते पूर्ण भिजवा, धुळीचा चांगला मास्क लावा, ओलं असतानाच खरवडून पिशवीत बांधा. त्याचे तंतू फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत आणि आजार पंचवीस-तीस वर्षांनी उघडा पडतो. गॅरेजमधली पंधरा-सोळा वर्षांची पोरं हे काम तोंडाला काही न बांधता करतात. त्यांना आपण थांबवलं पाहिजे. नवं पॅकिंग ग्रॅफाइटचं घ्या.

इंजिन जागेवर आणा

सहापैकी एक सिलिंडर नीट पेटत नसेल तर आवाजाला लंगडी चाल येते. ती कुठल्याही सायलेन्सरने जात नाही. प्लग, पॉइंट, टॅपेट आणि कॉम्प्रेशन तपासा. टायमिंगवर विशेष लक्ष द्या. ठिणगी उशिरा पडत असेल तर पेट्रोल एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडल्यावरही जळत राहतं. मॅनिफोल्ड लाल होतो, गाडी ओढत नाही आणि आवाज फाटतो. आमच्या गाडीचं टायमिंग बरंच मागे गेलं होतं. ते जागेवर आणल्यावर जुन्याच पाइपातून आवाज जाणवण्याइतका मऊ झाला.

एअर क्लीनरही बघा. मूळचा ऑइल बाथ क्लीनर हवा गाळतो तसाच कार्ब्युरेटरच्या तोंडाची घरघर गिळतो. तो काढून तिथे जाळी लावली असेल तर जो आवाज तुम्ही सायलेन्सरचा समजता आहात, त्यातला बराचसा बॉनेटखालून येतोय.

आधीचं माप लिहून ठेवा

कानाला दोन दिवसांत सवय होते, म्हणून आकडा हवा. फोनमधलं डेसिबलचं अॅप अचूक नसतं, पण तोच फोन, तीच जागा, तोच आरपीएम (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) ठेवला तर आधी-नंतरचा फरक दाखवायला पुरतं. पाइपाच्या तोंडापासून अर्धा मीटर दूर, तोंडाच्याच उंचीवर आणि बाहेर पडणाऱ्या धुराच्या रेषेशी ४५ अंशांत फोन धरा. अगदी समोर धरला तर वाऱ्याचा झोत मोजला जाईल. भिंत किंवा दुसरी गाडी जवळ नको. निष्क्रिय चाल (रेस न देता), १,४०० आणि २,००० आरपीएमला तीन-तीन नोंदी घ्या. डेसिबलचा हिशेब सरळ बेरजेचा नसतो. १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. त्यामुळे १२-१३ चा फरक पडला तर तो फार मोठा समजा.

खर्ज आणि जवारी

सायलेन्सर कसा घडवायचा हे समजायला मला सतारमेकर गल्लीचाच उपयोग झाला. तंबोऱ्यात खर्जाची तार असते आणि तिच्यावर जवारीची चमक असते. एक्झॉस्टचंही तसंच. खालचा मूळ सूर वेगळा, वरची फाटकी, कर्कश झिलई वेगळी. दोन्हींवर उपाय वेगळे.

मूळ सूर मोजता येतो. चार स्ट्रोकच्या सहा सिलिंडर इंजिनात क्रँकच्या एका फेरीला तीन सिलिंडर पेटतात. १,४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला सव्वातेवीस फेऱ्या, त्याला तीनने गुणलं की ७० हर्ट्झ. काळी एक या पट्टीत लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज जवळपास ६९ हर्ट्झवर असतो. म्हणजे आमची गाडी गल्लीत त्या तंबोऱ्याच्या खर्जातच गुरगुरत होती. त्या कारागिरांना तार का ऐकू येत नव्हती, ते त्या दिवशी कागदावर आकडा मांडल्यावर कळलं.

२,००० आरपीएमला हाच सूर १०० हर्ट्झवर जातो. तापलेल्या वायूत आवाज वेगाने धावतो. घरातल्या हवेत सेकंदाला ३४३ मीटर, तर ३०० अंश सेल्सिअसला सुमारे ४८० मीटर. त्यामुळे १०० हर्ट्झची एक लाट पाइपात पावणेपाच मीटर लांब भरते. एवढी लांब लाट काचलोकरीच्या इंचभर थराला दाद देत नाही. तिला अडवायला मोकळी पोकळी लागते.

पोकळीचं काम असं चालतं. अरुंद पाइपातून लाट एकदम रुंद डब्यात आली की तिचा मोठा भाग उलटा परततो. डब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ पाइपाच्या चौपट असेल तर जास्तीत जास्त साडेसहा डेसिबल, दहापट असेल तर १४ आणि सोळापट असेल तर १८ डेसिबल कमी होतात. म्हणजे व्यास दुप्पट करून फारसं काही हाती लागत नाही, तिप्पट-चौपट हवा. बाजारातले बारीक, देखणे सायलेन्सर जुन्या ट्रकवर निरुपयोगी का ठरतात, त्याचं कारण हेच.

पोकळीत एक खोट असते. तिची लांबी लाटेच्या निम्मी झाली की तो सूर बिनदिक्कत आरपार जातो. ४०० मिलिमीटरच्या डब्यातून ६०० हर्ट्झ निसटतो. म्हणून एकच मोठा डबा न करता आत पडदे घालून असमान खण करायचे. एकातून जो सूर सुटेल तो दुसऱ्याने धरायचा.

तयार घ्यावा की घडवावा

सांगली-मिरज-कुपवाडच्या गॅरेजांत मोठ्या मालवाहू गाड्यांचे तयार सायलेन्सर मिळतात आणि ज्यांना महिनाभर गाडी उभी ठेवणं परवडत नाही त्यांनी खुशाल तसा घ्यावा. घेताना दोन गोष्टी मोजा. पोटाचं आकारमान इंजिनाच्या निदान सहापट हवं, आणि आतली नळी आपल्या पाइपापेक्षा बारीक नको. टर्बो डिझेलसाठीचा सायलेन्सर आणलात तर सूर पूर्ण उतरणार नाही. तिथे टर्बोनेच आवाजाचा बराच वाटा खाल्लेला असतो.

मी घडवला, कारण आमच्या चॅसीत डाव्या पट्टीला प्रोपेलर शाफ्टपासून अंतर राखून मीटरभर जागा होती आणि तीत नेमका बसेल असा हवा होता. जागा मोजताना चाकं जमिनीवर ठेवा, जॅकवर नको. स्प्रिंगा दबल्यावर अॅक्सल किती वर येतो ते बंप रबरपर्यंत मोजा.

आमची मापं अशी ठरली. पाइप अडीच इंची, म्हणजे बाहेरून ६३.५ मिलिमीटर, १६ गेजचा. अंग २०० मिलिमीटर व्यासाचं आणि ९०० लांब. पोट साधारण २८ लिटर, इंजिनाच्या सातपट. आत दोन पडदे, खण ४००, २०० आणि ३०० मिलिमीटरचे. पहिल्यातून निसटणारा ६०० हर्ट्झ मधला खण सर्वांत चांगला धरतो, आणि पहिले दोन्ही ज्याला सोडतात तो १,२०० हर्ट्झ तिसरा अडवतो. वायू ३०० अंशांवर असताना हा हिशेब. उष्णतेप्रमाणे आकडे सरकतात, पण तिन्ही एकाच प्रमाणात सरकतात, त्यामुळे जोडी तुटत नाही.

घडवणं

पत्रा १६ गेजचा, अंगासाठी ९०० बाय ६४० मिलिमीटर. पडदे आणि झाकणं दोन मिलिमीटरची. कुपवाड एमआयडीसीत पत्रा गोल करून देणारे भरपूर आहेत. साधा माइल्ड स्टील पत्रा स्वस्त पडतो. परवडत असेल तर ४०९ ग्रेडचं स्टेनलेस घ्या, कारखाने गाड्यांच्या सायलेन्सरला हेच वापरतात. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पाइप कुणी कितीही स्वस्तात दिला तरी नको. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो आणि रात्री वेल्डरला थंडी वाजून ताप भरतो. जुना गॅस सिलिंडर किंवा तेलाचा बंद डबा कापून अंग करण्याचा सल्लाही मिळेल. त्या वाटेला जाऊ नका, आत राहिलेल्या वाफेने स्फोट होऊन माणसं गेली आहेत.

आत येणारा पाइप पहिल्या खणात निम्म्यापर्यंत, म्हणजे २०० मिलिमीटर, पुढे न्या आणि त्याचं टोक बंद करा. सगळा वायू त्याच्या अंगावरच्या भोकांतून बाहेर पडेल. भोकं पाच मिलिमीटरची. पाइपाचं आतलं क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस सेंटिमीटर आहे. भोकांची बेरीज त्याच्या दुप्पट ठेवा, कारण भोकाच्या कडेशी वायू आकसतो आणि भोक दिसतं तेवढं मोकळं नसतं. हिशेबाने २९० भोकं येतात. पाइपावर कागद गुंडाळून आधी आखणी करा, पंच मारा, मग ड्रिल. आतला बर, म्हणजे ड्रिलने उठलेली धारदार कड, कानशीने काढायलाच हवा. राहिला तर गाडी शिट्टी मारते. पहिल्या वेळी आम्ही ते टाळलं आणि सायलेन्सर पुन्हा उघडावा लागला.

पहिल्या पडद्यातली नळी एका बाजूला, दुसऱ्या पडद्यातली विरुद्ध बाजूला, बाहेर जाणारा पाइप पुन्हा पहिल्या बाजूला. नळ्या एका रेषेत आल्या तर आवाज बंदुकीच्या नळीतून जावा तसा सरळ निघून जातो. प्रत्येक नळीचं तोंड समोरच्या पत्र्यापासून निदान पाइपाच्या व्यासाएवढं दूर ठेवा. सर्व नळ्या अडीच इंचीच. कुणी म्हणेल, शेवटची दोन इंची करा, आवाज आणखी बसेल. बसेल खरा, पण चढावर इंजिनही बसेल.

पडद्यांच्या तळाशी पाणी सरकायला एक फट आणि अंगाच्या सर्वांत खालच्या बिंदूला तीन मिलिमीटरचं भोक ठेवा. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात ते वाफेने निघून जातं, पण मिरज-सांगली अशा छोट्या फेऱ्यांत थंड सायलेन्सरमध्येच साठतं आणि पत्रा आतून खातं. जुने सायलेन्सर बाहेरून ठणठणीत दिसतात आणि स्क्रू ड्रायव्हर टोचला की आत जातो, ते यामुळे.

अंगाचा पत्रा स्वतःही वाजतो. आम्ही वरून दुसरा पत्रा गुंडाळला आणि मध्ये दगडी लोकरीचा पातळ थर दिला. बोटाने टिचकी मारल्यावर 'टण्ण' ऐवजी 'ठप्' आलं पाहिजे.

राहिली जवारी, म्हणजे हजार हर्ट्झच्या वरची कर्कशता. तिच्यासाठी मागच्या पाइपावर एक फुटाचा वेगळा टप्पा केला. आत भोकांचा पाइप सरळ, टोक उघडं, बाहेर चार इंची नळकांडं, मध्ये दगडी लोकर. भोकांच्या पाइपावर आधी स्टेनलेसची जाळी किंवा स्टीलची लोकर गुंडाळा, नाहीतर धुराचा झोत सहा महिन्यांत सगळी लोकर ओढून नेतो. इंजिन तेल खात असेल तर मात्र हा टप्पा लावून उपयोग नाही. लोकर चिकट होते आणि निकामी ठरते.

बसवणं

बॅटरीची अर्थ वायर काढा. पेट्रोलची टाकी जवळ असेल तर ती उतरवूनच ठेवा. गाडीखाली फक्त टॅक, म्हणजे वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके, मारायचे, पूर्ण वेल्डिंग बाहेर काढून टेबलावर.

क्रम असा ठेवा : सायलेन्सर दोरीने जागेवर टांगा, पुढचा आणि मागचा पाइप त्याला मिळवा, टॅक मारा, मग गाडीचं इंजिन चालू करून हलू द्या. इंजिन आपल्या रबरांवर किती डोलतं ते डोळ्यांनी बघा. पुढचा पाइप ताठ बांधला तर तोच झोका मॅनिफोल्डच्या बिडाला तडा देतो. जुन्या निस्सानचा मॅनिफोल्ड शोधत फिरणं ज्यांनी केलंय त्यांना हे सांगायला नको. मॅनिफोल्डच्या फ्लँजनंतर लवचीक जाळीचा तुकडा घाला. फ्लँज दहा मिलिमीटर जाडीचे असू द्या, पातळ फ्लँज वेल्डिंगच्या उष्णतेने वाकतात आणि पुन्हा गळती सुरू होते.

टांगण्यासाठी आम्ही साखर कारखान्याच्या कन्व्हेअर पट्ट्याचे तुकडे वापरले. आत कापडाचे पदर असल्याने ते ताणले जात नाहीत. पट्टा थेट तापलेल्या पत्र्याला टेकू नये, मध्ये हाताएवढी लोखंडी पट्टी ठेवा. हा सायलेन्सर बारा-तेरा किलोंचा होतो, त्यामुळे तीन टांगण्या लागतात.

पेट्रोलच्या नळीपासून अंतर भरपूर ठेवा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११३ वा नियम ३५ मिलिमीटर म्हणतो, मी चार बोटं सोडून मध्ये पत्र्याची आड घातली. ब्रेकची नळी, वायरिंग आणि हौद्याच्या लाकडी फळ्या यांनाही तीच काळजी.

मागचं तोंड हौद्याच्या कडेपलीकडे काढा. हे मी दहादा सांगेन. ताडपत्रीचा हूड लावलेला ट्रक पळताना त्याच्या पाठीमागे हवेची पोकळी तयार होते आणि धूर आत ओढला जातो. मागे माणसं बसलेली असतात, कधी लग्नाचं वऱ्हाड, कधी द्राक्षतोडीच्या बाया. पाइप हौद्याखाली संपवला तर त्या धुरात तासभर बसतील आणि डोकं दुखण्यापलीकडे त्यांना काही कळणार नाही.

कोंडमारा मोजा

आवाज कमी झाला म्हणजे काम झालं असं नाही. वायूला बाहेर पडायला जोर लागत असेल तर इंजिन तापतं, पेट्रोल जास्त जातं, व्हॉल्व्ह जळतात. हे मोजायला गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी पुरते.

सायलेन्सरच्या आधी पाइपाला एक नट वेल्ड करा आणि त्यातून भोक पाडा. एरवी तिथे बोल्ट राहील. मोजताना बोल्टच्या जागी दोन फूट तांब्याची नळी जोडा, म्हणजे उष्णता लेव्हल नळीपर्यंत येत नाही. लेव्हल नळी 'यू' आकारात एका फळीवर बांधा, प्रत्येक बाजू सव्वा मीटर उंच. त्यात निम्म्यापर्यंत नीळ घातलेलं पाणी भरा. दोन बाजूंच्या पाण्यात ७० सेंटिमीटरचा फरक म्हणजे एक पीएसआय दाब. पाणी फार नाचत असेल तर नळीला चिमटा लावून थोडी आवळा.

उभ्या गाडीत रेस करून घेतलेला आकडा पेट्रोल इंजिनात फसवा असतो. थ्रॉटल जेमतेम उघडलेला असतो, त्यामुळे वायूच कमी. खरं माप भाराखाली मिळतं. आम्ही फळी केबिनमध्ये उभी बांधली आणि गाडी भरून दंडोबाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलला नेली. सातारकरांना त्यासाठी यवतेश्वरचा घाट जवळ आहे. शेजारी बसलेल्याने फक्त पाण्याकडे बघायचं, चालवणाऱ्याने फक्त रस्त्याकडे. खिडक्या उघड्याच ठेवा, पाणी उडून गेलं तर धूर केबिनमध्ये येतो. एक पीएसआयच्या आत राहिलं की मी समाधानी. फरक त्याहून बराच वर गेला तर आधी भोकांचा पाइप तपासा, चूक बहुधा तिथेच असते.

वायूची वाट बदलली की मिश्रणही थोडं सरकतं. आठवडाभर गाडी चालवून प्लग काढा. तपकिरी असतील तर ठीक, पांढरे पडले तर कार्ब्युरेटरचा मेन जेट एक नंबर मोठा.

उरलेली घुमारी

सगळं करूनही एका ठरावीक वेगाला केबिन घुमते. आमची १,६०० आरपीएमला घुमायची, म्हणजे ८० हर्ट्झ. यावर बाजूच्या बंद नळीचा उपाय आहे. मुख्य पाइपाला काटकोनात एक फांदी जोडायची आणि तिचं दुसरं टोक बंद करायचं. फांदीची लांबी त्या सुराच्या लाटेच्या पाव भाग. फांदीतला वायू थंड असतो, तिथे वेग सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास धरला तर लाट पाच मीटरची आणि फांदी सव्वा मीटरची. लाट आत जाऊन परत येते तेव्हा उलटी झालेली असते आणि मुख्य पाइपातल्या लाटेला मारते. सतारीच्या तरफेची तार जशी फक्त आपल्याच सुराला जागी होते, तशी ही नळी फक्त आपल्याच सुरावर काम करते. बाकीच्या वेगांना ती असून नसल्यासारखी. टोकाला आट्यांचं झाकण ठेवा, म्हणजे आतला दट्ट्या सरकवून लांबी पुढेमागे करता येते. आम्हाला शेवटी पाच सेंटिमीटर कमी करावी लागली.

कायद्याचं

लष्करातून बाहेर आलेली गाडी रस्त्यावर आली की तिला सगळे नागरी नियम लागू. १९८९ च्या नियमांतला १२० वा नियम प्रत्येक मोटार वाहनाला सायलेन्सर सक्तीचा करतो. ११२ प्रमाणे धूर खाली किंवा डावीकडे सोडायचा नाही, मागे किंवा उजवीकडे. त्यामुळे सायलेन्सर डाव्या पट्टीला असला तरी आम्ही शेवटचा बेंड मागे काढला. आवाजाचे नियम मोडले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीचे शंभर मीटर राज्य सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. मिरजेसारख्या रुग्णालयांच्या गावात तर बहुतेक रस्ते कुठल्या ना कुठल्या दवाखान्यासमोरूनच जातात. आणि गाडी रंगवायला काढणार असाल तर ऑलिव्ह ग्रीन नको, १२१ व्या नियमाने तो रंग फक्त संरक्षण दलाचा.

पहिले दिवस आणि नंतर

पहिल्यांदा चालू केल्यावर पत्र्यावरचं तेल जळून भरपूर धूर येतो, घाबरू नका. वीस मिनिटांनी बंद करा, थंड होऊ द्या, सगळे बोल्ट पुन्हा आवळा. शंभर किलोमीटरनंतर आणखी एकदा. मग उष्णता सोसणारा चंदेरी रंग मारा.

आवाज उतरल्यावर गाडीतून नवीनच आवाज ऐकू येऊ लागतात. गिअरबॉक्सची रडारड, युनिव्हर्सल जॉइंटची टकटक, फॅनचा वारा. ते आधीही होते, ऐकू येत नव्हते. आमचा एक घासलेला बेअरिंग असाच सापडला. दर पावसाळ्यानंतर सायलेन्सरच्या तळाचं भोक तारेने मोकळं करा, टांगण्यांचे पट्टे बघा आणि लाकडी हातोडीने अंगावर ठोकून ऐका. पडदा सुटला असेल तर आत खुळखुळतो.

मोजणीच्या वहीत आधीच्या आणि नंतरच्या नोंदींत १२ डेसिबलचा फरक आला. भोपळ्यांची पुढची खेप घेऊन गल्लीत गेलो तेव्हा मी गाडी मुद्दाम त्याच जागी, चालू ठेवूनच उभी केली. चाचा जवारी काढत बसले होते. तार छेडली, कान लावला, कानस फिरवली, पुन्हा छेडली. मग मान वर करून म्हणाले, "या, चहा घ्या. पण तेवढी बंद करून या."

मी बंद केली.